गाणे कराचीचे, कान जरीपटक्याचे

जरीपटका म्हटले की इतिहासाच्या वाचकाला मराठ्यांच्या फौजेपुढे फडकणारे भरजरी निशाण आठवते. नागपूरकराला मात्र त्याच नावाने शहराच्या उत्तर भागातील सिंधी वस्ती आठवते. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे, कोणी कराचीच्या बंदरातून बोटीने मुंबईस उतरून, कोणी राजस्थानमार्गे रेल्वेने, देशभर विखुरली. त्यांतील काही नागपुरास आली आणि जरीपटक्यात स्थिरावली. रिकाम्या हाताने आलेल्या या माणसांनी पुढे दुकाने थाटली, मुलांना शिकविले, मंदिरे आणि शाळा उभ्या केल्या. त्यांच्या उद्यमशीलतेचे कौतुक शहराने पुष्कळ केले आहे. या वस्तीने काय कमावले, हे सारेच जाणतात. या वस्तीने काय ऐकले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारावयाचा तर १९८१ साली निघालेली एक ध्वनिमुद्रिका त्यासाठी चांगले निमित्त ठरेल. तिचे नाव ‘डिस्को दीवाने’. गाणारी नाझिया हसन ही वयाने पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, सोबतीला तिचा भाऊ झोहेब आणि संगीत बिड्डू या मूळ बंगळुरूच्या, परंतु इंग्लंडमध्ये नावारूपास आलेल्या संगीतकाराचे. नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला होता. म्हणजे जरीपटक्यातील ज्या आजोबांनी पंचविशीत कराची सोडली, ते या वेळी साठीच्या उंबरठ्यावर होते. आणि नागपुरातच जन्मलेली त्यांची नातवंडे गायिकेच्याच वयाची होती. एकाच घरात, एकाच खोलीत ही गाणी वाजली, तर ती ऐकणारे कान दोन तऱ्हेचे असणार हे उघड आहे. नातवाला त्यात लंडनची झगमग ऐकू येणार. आजोबांच्या कानावर मात्र गायिकेचे गाव आधी पडणार, गाणे मागाहून.

लोकप्रिय गाण्याला श्रोते जी दाद देतात, तिचा विचार आपल्याकडे फार उथळपणे होतो. विक्रीचा आकडा सांगितला की व्यापाऱ्याचे समाधान होते. ‘अभिरुची घसरली’ असे म्हटले की समीक्षकाचे कर्तव्य संपते. वस्तुतः दाद ही त्या दोहोंहून अधिक गुंतागुंतीची गोष्ट आहे. माणूस गाणे ऐकतो तेव्हा सुरांबरोबर स्वतःचे वय, आपले घर, आपली भीती आणि आपली हौस हे सारेही ऐकत असतो. नाझियाच्या गाण्यांना मिळालेले प्रतिसाद या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत.

त्यांची सुरुवात चित्रपटापासून झाली. १९८० साली फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ चित्रपटात ‘आप जैसा कोई’ हे एकच गाणे बिड्डूंनी केले. बाकीचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते. लंडनला ध्वनिमुद्रित झालेल्या त्या गाण्यात एका शाळकरी मुलीचा, कोणत्याही उस्तादाची तालीम न मिळालेला, किंचित अनुनासिक आवाज होता. त्याच आवाजावर तोच आवाज पुन्हा चढवून त्याला एक चमत्कारिक गोलाई आणली होती. लताबाई आणि आशाबाई यांच्या स्वरांवर तीन दशके पोसलेल्या कानांना हा आवाज परका वाटला नसता तरच नवल. तरीही ते गाणे देशभर गाजले, आणि पुढच्याच वर्षी फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे पारितोषिक या मुलीला मिळाले.

त्यानंतर आलेली ‘डिस्को दीवाने’ ही ध्वनिमुद्रिका आणखी एका कारणाने वेगळी होती. तिच्यामागे चित्रपट नव्हता. नायक नाही, नायिका नाही, कथा नाही, नुसती गाणी. त्या काळी हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रिकांचा बाजार जवळजवळ सर्वस्वी चित्रपटांच्या आधारावर उभा होता. ‘शोले’चे नुसते संवाद असलेली तबकडी लोकांनी हौसेने विकत घेतली, यावरून तो आधार किती भक्कम होता हे दिसते. चित्रपटाबाहेरच्या गाण्याला गिऱ्हाईक होते ते गझलांना, भजनांना, आणि महाराष्ट्रात भावगीतांना. तरुणांसाठी तरुणीनेच गायिलेले, नाचण्याजोगे आणि तरीही चित्रपटाचा टेकू न घेतलेले गाणे एवढ्या मोठ्या प्रमाणावर खपते, हा व्यापाऱ्यांनाही धक्काच होता. मुंबईत पहिल्याच दिवशी तिच्या लाखभर प्रती खपल्या, असे वारंवार छापले गेले आहे. अशा आकड्यांत जाहिरातीचा अंश किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. गाणी गल्लोगल्ली पोहोचली होती, याविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

या गाण्यांवरचा वडीलधाऱ्यांचा आक्षेप कोणता होता, हे त्या पिढीच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. शब्दांना अर्थ नाही, आवाजाला बैठक नाही, यंत्रांचा गोंगाट फार आणि मुले अभ्यास सोडून पाय आपटतात. यातील काही मुद्दे खरेही होते. या गाण्यांच्या शब्दांत काव्य शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. परंतु हा आक्षेप नवा नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९३० च्या दशकात मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि भावगीत घरोघर पोहोचू लागले, तेव्हा रागदारीच्या अभिमान्यांना तो प्रकार हलकाच वाटला असणार. पुढे तेच भावगीत मराठी मध्यमवर्गाच्या सुसंस्कृतपणाची खूण बनले. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा ठरलेल्या वेळी लोक रेडिओभोवती गोळा होत. काही घरांत रेडिओला हार घालीत असेही सांगतात. तेथे दाद होती ती गदिमांच्या शब्दांना आणि सुधीर फडके यांच्या चालींना, आणि तितकीच ती रामकथेवरच्या श्रद्धेलाही होती. त्या दोन गोष्टी वेगळ्या काढण्याचा खटाटोप कोणी केला नाही, हे योग्यच झाले.

श्रोत्याच्या पसंतीवर वरून हुकूम चालविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात एकदा होऊन गेला आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे विद्वान गृहस्थ १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना खरी आस्था होती आणि आकाशवाणीने त्या संगीताला दिलेला आधार ही त्या काळाची मोठी कमाई आहे. पण त्याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ बंदी झाली. श्रोत्यांनी त्यावर मोर्चे काढले नाहीत. त्यांनी मुकाट्याने रेडिओचा खटका फिरविला. सिलोन केंद्रावर अमीन सायानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि लहानसहान गावांतून त्या केंद्राकडे पत्रांचा ओघ लागला. झुमरी तिलैया हे बिहारातील आडगाव (आता ते झारखंडात आहे) केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशाला ठाऊक झाले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. लोकांच्या कानांवर सक्ती चालत नाही, हा धडा त्या पाच वर्षांनी दिला.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत कराचीत दंगल उसळली होती आणि सिंधी हिंदूंच्या स्थलांतराला वेग आला होता. नभोवाणी आणि निर्वासित ही दोन्ही या शहरात सुमारे एकाच काळी आली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. ज्यांचे गाव सुटले त्यांना रेडिओ हा मोठा आधार असतो. कारण आवाजाला सरहद्द अडवू शकत नाही. या माणसांचे कान घडले होते ते शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यावर, लग्नातल्या लाडा गीतांवर आणि ‘भगत’ या रात्रभर चालणाऱ्या गायन-नर्तनावर. त्या परंपरेतील सर्वांत लाडके नाव संत कंवरराम यांचे. पायांत घुंगरू बांधून, नाचत नाचत ते ईश्वराचे नाव गात. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक या रेल्वे स्थानकावर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला आणि सारे सिंध हळहळले. नाचणाऱ्या गाण्याला नाके मुरडणाऱ्या वडिलांच्या स्वतःच्या स्मरणातला सर्वांत पूज्य गायक घुंगरू बांधून नाचत होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. भक्ती आणि डिस्को यांची बरोबरी येथे कोणी करीत नाही. ताल अंगात भिनला की शरीर हलते, एवढेच मानवी सत्य दोहोंत सारखे आहे.

कराची हे नाव मराठी माणसालाही सर्वस्वी परके नाही. १ एप्रिल १९३६ रोजी सिंधचा स्वतंत्र प्रांत होईपर्यंत ते शहर मुंबई इलाख्यातच मोडत होते. तेथील जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव मिरविते. फाळणीनंतर त्या शहरातून एक लोकसमूह निघून गेला आणि हिंदुस्थानातून गेलेला दुसरा निर्वासित लोकसमूह तेथे वसला. नाझियाच्या पिढीची कराची ही आजोबांच्या कराचीहून निराळी होती. आजोबांच्या मनात सिंधी बोलणारे गाव होते. गाण्यातून आली ती उर्दू-हिंदी बोलणारी, लंडनला जाऊन आलेली कराची. तेव्हा या गाण्यात गाव सापडेल अशी आशा कोणी धरली असेल, तर ती पुरी होणे शक्यच नव्हते. आणि तरीही, ज्या शहराविषयी वर्तमानपत्रांत केवळ लष्कर आणि युद्ध यांच्याच बातम्या येत, त्या शहरातील एक मुलगी नागपूरच्या नातवंडांना नाचविते आहे, ही गोष्ट त्या घरातील वृद्धाच्या मनात काहीच हालवीत नसेल, असे मानणे कठीण आहे.

नातवंडांची गोष्ट वेगळी. त्यांना गाव सोडल्याची आठवण नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो कोठले म्हणून ओळखले जावे याचा. घरात सिंधी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, रस्त्यावर नागपुरी हिंदी आणि मराठी, अशी त्यांची भाषा चौरस्त्यावर उभी होती. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १० एप्रिल १९६७ रोजी स्थान मिळाले खरे, पण जिला स्वतःचे राज्य नाही त्या भाषेला शाळेत आणि बाजारात टिकणे अवघडच जाते. अशा मुलांना हे गाणे कोणत्याच गावाचे नव्हते म्हणून सोयीचे होते. ते ना आजोबांचे, ना शेजाऱ्यांचे. ते नव्या काळाचे होते आणि त्यावर त्यांचा इतरांइतकाच हक्क होता. वडिलांना जो गोंगाट वाटला, तो मुलांना प्रवेशपत्रासारखा वाटला असल्यास त्यात आश्चर्य नाही.

हे सारे घरोघर पोहोचविणारे साधन मात्र तबकडी नव्हते. तबकडी महाग, तिचे यंत्र त्याहून महाग. परदेशी नोकरीवरून येणाऱ्यांच्या सामानातून आणि पुढे आयातीचे नियम सैल झाल्यावर बाजारातून टेपरेकॉर्डर आले आणि ध्वनिफितीने सारे चित्र पालटले. एकाने विकत घ्यावी, दहांनी उतरवून घ्यावी, असा प्रकार सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारातील बहुतेक सारी विक्री ध्वनिफितींची होती. कंपन्यांना उतरवून घेण्याचा तोटा झाला, पण श्रोत्याला प्रथमच निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. जरीपटक्याला लागूनच असलेल्या इंदोऱ्यासारख्या वस्त्यांतून वामनदादा कर्डकांच्या परंपरेतील भीमगीते याच साधनाने घुमू लागली. ज्या गाण्यांना मोठ्या कंपन्यांच्या यादीत क्वचितच जागा मिळे, त्यांना गिऱ्हाईक किती मोठे आहे, हे त्या स्वस्त फितीने दाखवून दिले. उत्तर नागपूरच्या एकाच रस्त्यावर एका खिडकीतून डिस्को आणि दुसऱ्या खिडकीतून भीमगीत यावे, हे त्या दशकाचे खरे चित्र आहे. दोन्ही गाण्यांना ‘अभिरुची’च्या रखवालदारांनी दारातच उभे केले होते, हे साम्यही नजरेआड करता येत नाही.

गाण्याविषयीचा राग अनेकदा गाण्यावरचा नसतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागो येथील बेसबॉलच्या मैदानावर हजारोंच्या जमावापुढे डिस्कोच्या तबकड्या पेटीत भरून स्फोटाने उडविण्यात आल्या. लोक मैदानात घुसले, दंगा झाला, सामना रद्द करावा लागला. वरवर पाहता हा रॉक संगीताच्या चाहत्यांचा डिस्कोवरील संताप होता. पण डिस्को ही मुळात कृष्णवर्णीयांच्या, स्पॅनिशभाषकांच्या आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांतून वर आलेली कला होती, आणि त्या संतापात या माणसांविषयीची अढीही मिसळली होती, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखविले. गंमत अशी की तेथे जिचा अंत्यविधी उरकला, तीच डिस्को दोन वर्षांत आपल्याकडे वाजतगाजत आली.

नाझियाच्या स्वतःच्या देशात तर प्रकार आणखी विलक्षण होता. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानात हिंदी चित्रपटांवर बंदी आली होती. त्यामुळे जिच्या गाण्याने हिंदुस्थान नाचला, तिचा तो चित्रपट तिच्या देशबांधवांना चित्रपटगृहात पाहता येत नव्हता. १९७७ पासून तेथे जनरल झिया-उल-हक यांची राजवट होती आणि तरुण मुलीने गाणे-नाचणे हे त्या राजवटीच्या धर्मकल्पनेत बसणारे नव्हते. तरीही तेथील श्रोत्यांनी या भावंडांना डोक्यावर घेतले. झियांच्या मृत्यूनंतर, १९८९ साली, पाकिस्तान दूरदर्शनवर तरुण गायकांचा जो गाजलेला कार्यक्रम झाला, त्याचे सूत्रसंचालन याच दोघांकडे होते. पुढे नाझियाने गाणे सोडले, सामाजिक कामात लक्ष घातले आणि १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने तिचे लंडनमध्ये निधन झाले. वय अवघे पस्तीस. सरहद्दीच्या एका बाजूला धर्माच्या नावाने आणि दुसऱ्या बाजूला अभिरुचीच्या नावाने ज्या गाण्याला नावे ठेवली गेली, ते दोन्हीकडच्या श्रोत्यांनी सारखेच सांभाळले. २०१२ साली एका हिंदी चित्रपटाने ‘डिस्को दीवाने’ पुन्हा नव्या रूपात आणले, तेव्हा १९८१ ची मुले स्वतः चाळिशी ओलांडून आपल्या मुलांच्या गाण्यांना नावे ठेवण्याच्या वयात आली होती.

आज परिस्थिती निराळी आहे. गाणे प्रसिद्ध होताच ते किती लाखांनी ऐकले, किती जणांनी पसंत केले, याचा आकडा मिनिटागणिक डोळ्यांपुढे येतो. श्रोत्याची दाद इतकी मोजली कधीच गेली नव्हती. ती समजून घेण्याची निकड मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही. आकडा किती जणांनी ऐकले ते सांगतो. आजोबांनी का ऐकले आणि नातवाने का ऐकले, ते तो सांगू शकत नाही.

यातच सरहद्दीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची हत्या झाली. त्यानंतर ८ मे रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने पाकिस्तानी चित्रपट, मालिका आणि गाणी इंटरनेटवरील मंचांवरून दूर करण्याची सूचना काढली. रक्त सांडले असताना व्यापार आणि करमणूक थांबविण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे, आणि शोकाकुल देशाच्या भावनेला तेथे मान द्यावाच लागतो. परंतु ‘डिस्को दीवाने’सारखे गाणे नेमके कोणाचे म्हणावयाचे? गायिका कराचीची, संगीतकार बंगळुरूचा, ध्वनिमुद्रण इंग्लंडमधले, आणि त्याला मोठे केले ते मुंबई-नागपूरच्या श्रोत्यांनी. त्याची मालकी कागदावर ठरविता येईल. ज्यांच्या तारुण्यात ते मिसळले आहे, त्यांच्या आठवणीतून ते परत मागता येणार नाही. सरकारने मंचांना सूचना द्याव्यात, पण जुने गाणे गुणगुणणाऱ्या माणसाच्या निष्ठेची परीक्षा घेण्याचा उद्योग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आरंभू नये. ज्यांनी स्वतःचे गाव गमावून हा देश निवडला, त्या जरीपटक्यासारख्या वस्तीला तर अशी परीक्षा कोणी घालणे हा निव्वळ कृतघ्नपणा ठरेल.

शिक्षक आणि पालक यांच्यापुढे यातून एक साधे काम उरते. वर्गातला किंवा घरातला मुलगा एखाद्या नव्या गायकाच्या गाण्यांनी झपाटला असेल, तर ती गाणी बंद करण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, की तुला यात काय ऐकू येते? उत्तर कदाचित ताल असे येईल, कदाचित एखादा मित्र, कदाचित गावाबाहेर पडण्याची इच्छा. त्यानंतर वडिलांनी आपल्या तरुणपणी आपल्याला काय ऐकू येत होते, हे त्याला सांगावे. शास्त्रीय संगीत, भावगीत, भगत आणि भीमगीत यांच्याकडे मुलांना नेण्याचा मार्ग या बोलण्यातून निघतो. फटकारण्यातून तो आजवर कधी निघालेला नाही.

जरीपटक्यातील १९४७ पाहिलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे, आणि १९८१ ची मुले आता स्वतः साठीत आहेत. चेटीचंडच्या मिरवणुकीत झुलेलालची गाणी आजही वाजतात आणि त्यांच्या तालावर तरुण मंडळी नाचतातही. त्या गर्दीच्या कडेला उभे असलेले वृद्ध कोणत्या गावचे गाणे ऐकत आहेत, हे त्यांच्या नातवंडांनी वेळ आहे तोवर विचारून घ्यावे.